इंकांच्या वाटेवर

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेली आहे. एका बाजूस पॅसिफिक महासागर व त्याच्या काठचे कोरडे वाळवंट, दुसऱ्या बाजूस ॲमेझॉनचे घनदाट अरण्य, आणि मध्ये हिमाच्छादित शिखरांची ही उत्तुंग भिंत! या भिंतीच्या कुशीत, पेरू देशामध्ये, कुझको नावाचे एक प्राचीन नगर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 3,400 मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी कुझकोचे रस्ते तिच्याहून थोडे उंचच राहतील.

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. नव्या प्रवाशाला चार पायऱ्या चढताच धाप लागते, डोके दुखते, भूक मंदावते. म्हणून येथील जाणते वाटाडे आपल्याबरोबरच्या मंडळींना पहिले दोन दिवस मुळीच घाई करू देत नाहीत. सावकाश चालावे, पाणी पुष्कळ प्यावे, जेवण हलके घ्यावे, असा त्यांचा सांगावा असतो. स्थानिक लोक कोकाच्या पानांचा कढत काढा पाहुण्यांपुढे ठेवतात. शरीराला उंचीची सवय झाली म्हणजे मगच पुढच्या प्रवासाची भाषा. इंकांच्या भूमीतील पहिला धडा हा असा आहे : येथे आपल्या चालीने चालून भागत नाही, पर्वताच्या चालीने चालावे लागते.

इंका हे मूळचे कुझको खोऱ्यातील एका लहानशा राज्याचे धनी. पंधराव्या शतकात पाचाकुती नावाचा पराक्रमी राजा त्यांच्या गादीवर आला. त्याने व त्याच्या मुलानातवांनी शंभर वर्षांच्या आतच आजच्या कोलंबियाच्या दक्षिण भागापासून चिलीच्या मध्यापर्यंत आपली सत्ता पसरविली. या राज्याला ते 'तावांतिनसुयू' म्हणत. 'चार मुलुख मिळून एक' असा त्या नावाचा अर्थ होतो.

एवढ्या विशाल राज्यात काय काय नव्हते, हे ऐकले तर नवल वाटते. गाडा नव्हता, घोडा नव्हता, लोखंडाचे हत्यार नव्हते आणि आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपीही नव्हती. ओझे वाहण्यास माणसाची पाठ आणि लामा नावाचा उंटाच्या कुळातील लोकरी प्राणी, एवढेच साधन होते. हिशेब ठेवण्यासाठी ते दोऱ्यांचा उपयोग करीत. एका आडव्या दोरीला अनेक दोरे लोंबकळत सोडून त्यांना निरनिराळ्या गाठी मारायच्या, आणि गाठीचा प्रकार व तिची जागा यांवरून आकडा ओळखायचा, अशी ती रीत होती. या दोऱ्यांच्या वहीला 'किपू' म्हणत. कोठारात धान्य किती, गावात माणसे किती, कोणाचे काम किती झाले, हे सारे किपू जाणणारा मनुष्य बोटांनी चाचपून सांगू शके.

मग या लोकांनी एवढे मोठे वैभव उभारले कशाच्या बळावर? त्याचे उत्तर त्यांच्या खेड्यांत सापडते. अँडीजमधील केचुआ भाषेत 'आयनी' असा एक शब्द आहे. आज तू माझ्या शेतावर राब, उद्या मी तुझ्या शेतावर राबेन, असा त्याचा भाव. मराठी शेतकरी ज्याला 'सावड' म्हणतो, तीच ही गोष्ट होय. ही जुनी चाल इंकांनी राज्यकारभारात आणली. राज्यात नाणे नसल्यामुळे कर श्रमांच्या रूपाने घेतला जाई. प्रत्येक कुटुंबाने आपल्या पाळीप्रमाणे रस्ते, पूल, कालवे व कोठारे यांच्या कामावर यावे, आणि कामावर असलेल्यांना राज्याने अन्न व वस्त्र द्यावे, असा नियम होता. अर्थात त्यात खुशीबरोबर सक्तीही होती. जिंकलेल्या कित्येक जमातींना हा भार जाचत असे, आणि पुढे परके लोक चालून आले तेव्हा त्यांतील काहींनी त्या परक्यांना साहाय्य केले. तथापि अनेक हात एका कामाला लावण्याची जी कला इंकांना साधली होती, तिच्या खुणा आजही दगडांत दिसतात.

त्यांपैकी सर्वांत मोठी खूण म्हणजे त्यांचे रस्ते. डोंगर, दऱ्या, वाळवंट व अरण्य यांतून जाणाऱ्या या रस्त्यांची एकंदर लांबी सुमारे 40,000 किलोमीटर भरावी, असा विद्वानांचा अंदाज आहे. चाकाची गाडी नसल्यामुळे चढण आली की रस्त्याला सरळ पायऱ्या बांधीत. ठरावीक अंतरावर चौक्या असत आणि प्रत्येक चौकीत 'चास्की' म्हणजे धावणारे जासूद सज्ज असत. एकाने धावत यावे, निरोप व किपू दुसऱ्याच्या हाती द्यावे, आणि दुसऱ्याने तत्काळ पुढे पळत सुटावे. अशा रीतीने राजधानीची आज्ञा दूरच्या प्रांतात थोड्याच दिवसांत पोहोचे. आज हे रस्ते सहा देशांत विखुरलेले आहेत. 2014 साली युनेस्कोने त्यांची जागतिक वारशात गणना केली.

कुझको नगरात फिरताना इंकांची बांधणी पावलोपावली दृष्टीस पडते. घरांच्या भिंती वरच्या अर्ध्या भागात पांढऱ्या चुन्याच्या आणि खालच्या अर्ध्या भागात काळसर दगडांच्या, अशा दुहेरी आहेत. खालचा भाग इंकांचा, वरचा त्यांच्यानंतर आलेल्या स्पॅनिश लोकांचा. इंकांच्या भिंतींत चुना किंवा माती घातलेली नाही. कठीण दगडाच्या गोट्यांनी ठोकून ठोकून प्रत्येक चिरा असा घडविलेला आहे की, दोन चिऱ्यांच्या सांध्यात चाकूचे पातेही शिरू नये. 'हातुन रुमियोक', म्हणजे मोठ्या दगडाची गल्ली, या नावाच्या एका अरुंद रस्त्यावर बारा कोनांचा एक दगड आहे. त्याच्या भोवतीचा प्रत्येक दगड त्याच्या कोनाला बरोबर जुळेल असा घडविला आहे. मोठा दगड लहानाला दाबीत नाही आणि लहान दगड मोठ्याला सोडीत नाही. सगळे मिळून भिंत उभी राहते.

1532 साली फ्रान्सिस्को पिझारो हा स्पॅनिश सरदार दोनशेहूनही कमी सैनिक घेऊन पेरूच्या डोंगरात शिरला. त्या वेळी इंकांच्या राज्यात दोन राजपुत्रांचे भाऊबंदकीचे युद्ध नुकतेच संपले होते, आणि युरोपातून आलेल्या देवीच्या साथीने असंख्य माणसे मृत्युमुखी पडली होती. पिझारोने विजयी राजा आताहुआल्पा याला कपटाने पकडले. सुटकेसाठी राजाने खोलीभर सोने देऊ केले व ते दिलेही. परंतु 1533 साली त्याला ठार मारण्यात आले. त्याच वर्षी कुझको पडले. तेथील कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे उखडले गेले, आणि त्याच चौथऱ्यावर ख्रिस्ती मठ बांधण्यात आला.

पुढे 21 मे 1950 रोजी कुझकोला भूकंपाचा मोठा धक्का बसला. नगरातील पुष्कळ घरे पडली. मठाच्या इमारतीचे फार नुकसान झाले. परंतु ढिगारे उपसले जाऊ लागले तेव्हा आत झाकल्या गेलेल्या सूर्यमंदिराच्या भिंती शाबूत असल्याचे लोकांना दिसले. आतल्या बाजूला किंचित कललेल्या भिंती, खाली रुंद व वर निमुळत्या चौकटी आणि चुन्यावाचून बसविलेले चिरे, यांमुळे भूकंपाचा हादरा या बांधणीत सामावला जातो, असे स्थापत्यशास्त्रज्ञ सांगतात.

भूकंपाला जे साधले नाही, ते माणसाला मात्र क्षणात साधते. 2025 सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका माणसाने हत्याराचे घाव घालून त्या बारा कोनी दगडाचे टवके उडविले. शेकडो वर्षे भूकंप सोसून उभा असलेला तो दगड चार घटकांच्या अविचाराने कायमचा विद्रूप झाला. म्हणूनच त्या गल्लीत प्रवाशांना घेऊन जाणारा वाटाडा दगडाकडे बोट दाखवितो. हात लावू देत नाही.

नगराच्या वरच्या अंगाला साक्सायवामान नावाची भव्य तटबंदी आहे. नागमोडी वळणाच्या या तटातील सर्वांत मोठ्या दगडांचे वजन शंभर टनांहून अधिक आहे. येथे दरवर्षी 24 जून रोजी 'इंती राइमी' म्हणजे सूर्याचा उत्सव साजरा होतो. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात त्या सुमारास थंडीचे दिवस असतात. दिवस अगदी लहान झालेला असतो आणि यापुढे तो वाढू लागणार असतो. स्पॅनिश अमलात या उत्सवाला बंदी होती. इंका राजकन्या व स्पॅनिश सरदार यांचा पुत्र गार्सिलासो दे ला वेगा याने आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन लिहून ठेवले होते. त्याच्या आधारे कुझकोच्या लोकांनी 1944 साली तो उत्सव पुन्हा सुरू केला.

कुझकोहून उत्तरेस उतरले म्हणजे उरुबांबा नदीचे खोरे लागते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांची शेते कोरलेली दिसतात. पिसाक गावाच्या वरचा डोंगर तर पायथ्यापासून अशा शेतांनी मढलेला आहे. ही शेते दिसतात तेवढी साधी नाहीत. बाहेरून दगडी बांध, आत तळाशी मोठे दगड, त्यांवर खडी, खडीवर वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती, अशी त्यांची रचना असते. त्यायोगे पावसाचे पाणी हळूहळू मुरते. माती वाहून जात नाही, आणि डोंगरही खचत नाही.

याच डोंगराळ मुलुखातील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी कंदांपासून बटाटा तयार केला. पांढरे, पिवळे, तांबडे, जांभळे, गोल, लांब, वाकडे असे बटाट्याचे नाना प्रकार येथील बाजारात मांडलेले असतात. रात्रीच्या कडक थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा उन्हात सुकवायचे आणि पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढायचे, अशी एक युक्ती येथील बायका करतात. असे वाळविलेले बटाटे, ज्यांना 'चुन्यो' म्हणतात, ते वर्षानुवर्षे टिकतात. महाराष्ट्रात उपासाच्या दिवशी जो बटाटा पानात वाढला जातो, त्याचे मूळ घर अँडीजच या पर्वतात आहे. तो भारतात आला तो पोर्तुगीज दर्यावर्दींच्या काळात, आणि त्याचे मराठी नावही पोर्तुगीज भाषेतूनच आलेले आहे.

चिंचेरो हे विणकरांचे गाव. तेथील बायका चालता चालता टकळीवर लोकर कातीत असतात. मागाचे एक टोक खुंटीला व दुसरे आपल्या कमरेला बांधून त्या जमिनीवर बसतात व विणतात. रंग झाडपाल्याचे, आणि किरमिजी रंग मात्र निवडुंगावर वाढणाऱ्या बारीक किड्यांपासून काढलेला. आजी विणीत असते, आई रंग उकळीत असते आणि नात शेजारी बसून पट्टीवरील सोपी नक्षी गिरवीत असते. प्रवाशांनी या बायकांकडून थेट वस्त्र विकत घेतले, तर त्या घरातील माग चालू राहतो. जुनी कला कौतुकाने जगत नाही. तिला पोटाचा आधार लागतो.

ओयांतायतांबो या गावाची गोष्ट आणखी निराळी. येथे इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्यांतून लोक अद्याप नांदत आहेत, आणि गल्लीच्या कडेच्या दगडी पाटांतून पाणी अद्याप खळाळत आहे. कुझको गेल्यावर मांको इंका या राजाने बंड पुकारले व येथील उंच तटाचा आश्रय घेतला. स्पॅनिश घोडेस्वार चालून आले, तेव्हा त्याने नदीचे पाणी फोडून मैदानात सोडले. घोडे चिखलात रुतले आणि शत्रूला माघार घ्यावी लागली. हा विजय शेवटचा ठरला नसला, तरी गावातील लोक तो अभिमानाने सांगतात.

या गावाच्या पुढे, लोहमार्गावरील 82 व्या किलोमीटरच्या खुणेपाशी, इंकांच्या प्रसिद्ध पायवाटेला आरंभ होतो. माचू पिचू या डोंगरी नगरापर्यंत जाणारी ही वाट सुमारे 42 किलोमीटरांची असून तिला साधारणतः चार दिवस लागतात. आगगाडीने गेल्यास हेच अंतर काही तासांत तुटते. तरीही जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक पायी जाण्यासाठी येतात.

या वाटेवर कोणालाही एकट्याने, मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. परवानाधारक वाटाड्याबरोबर तुकडीतूनच जावे लागते. एका दिवसात 500 हून अधिक माणसांना वाटेवर सोडत नाहीत, आणि या 500 मध्ये वाटाडे, स्वयंपाकी व हमाल यांचीही गणना होते. काही प्रवाशांना हे निर्बंध त्रासदायक वाटतात. परंतु नियम नव्हते तेव्हा वाटेची काय दशा झाली होती, हे पाहिले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते. जागोजागी कचरा साचे, दगडी पायऱ्या निखळत, आणि तंबूंच्या खुंट्यांनी जुनी शेते उकरली जात.

तुकडीत सर्वांत पुढे चालतो तो प्रवासी नव्हे, हमाल. प्रवासी पहाटे उठून वाट चालू लागतात. मागे राहिलेले हमाल तंबू उतरवितात, भांडी बांधतात, ओझे पाठीला लावतात, आणि थोड्याच वेळात प्रवाशांना मागे टाकून पुढच्या मुक्कामी पोहोचतात. धापा टाकीत प्रवासी तेथे येतात तेव्हा राहुट्या उभ्या असतात व चुलीवर आधण ठेवलेले असते. यांतील बहुतेक हमाल आसपासच्या खेड्यांतील केचुआ शेतकरी असतात. पेरणी व कापणी यांच्या मधल्या दिवसांत ते या कामावर येतात. पूर्वी त्यांच्या ओझ्याला कायद्याची मर्यादा नव्हती. 2001 साली पेरू देशात हमालांसाठी कायदा झाला व 20 किलोग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. वाटेच्या आरंभी असलेल्या नाक्यावर ओझी वजन करून पाहतात. शहाणा प्रवासी तुकडी निवडताना केवळ भाडे विचारीत नाही; हमालांना मजुरी किती, निजण्यास कोरडी जागा आहे की नाही, त्यांना पोटभर जेवण मिळते की नाही, हेही विचारतो.

दुसऱ्या दिवशी सुमारे 4,200 मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. चढण इतकी खडी आहे की, दहा पावले टाकावी आणि थांबावे. ज्याचे पाऊल सर्वांत मंद, त्याच्यासाठी तुकडी थांबते. दुसरा वाटाडा मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो, कारण वाटेवर कोणी मागे पडू नये हे पाहणे त्याचे काम असते. खिंडीनंतर उतार लागतो. ढगांचे अरण्य सुरू होते. शेवाळाने झाकलेल्या झाडांवर नाजूक ऑर्किडची फुले दिसू लागतात. मध्येच एखादी जुनी चौकी, एखादे पायऱ्यांचे शेत, एखादे दगडी स्नानगृह समोर येते. चौथ्या दिवशी पहाटे 'इंती पुंकू' म्हणजे सूर्याचा दरवाजा लागतो. त्या दरवाज्यात उभे राहिले की धुके हळूहळू वर सरकते आणि खाली, दोन शिखरांच्या मधल्या खांद्यावर, माचू पिचू दिसते.

समुद्रसपाटीपासून 2,430 मीटर उंचीवरील हे नगर 1450 च्या सुमारास पाचाकुती राजासाठी बांधण्यात आले, असे मानले जाते. मंदिरे, घरे, चौक, जिने आणि शेते यांची मांडणी डोंगराच्या अंगाला धरून केलेली आहे. येथे वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसाने हे नगर केव्हाच खाली घसरले असते. परंतु इंकांच्या कारागिरांनी भिंती उभारण्याआधी पाण्याला वाट करून दिली. जमिनीच्या पोटात दगडांचे थर घातले, नाल्या काढल्या, आणि झऱ्याचे पिण्याचे पाणी सुमारे 750 मीटर लांबीच्या पाटाने आणून एकाखाली एक अशा सोळा धारांतून खेळविले. जे डोळ्यांना दिसते त्याहून अधिक परिश्रम मातीखाली झाकलेले आहेत.

बांधल्यापासून शंभर वर्षांच्या आतच हे नगर ओस पडले. स्पॅनिश लोक येथवर पोहोचले नाहीत, म्हणून ते मोडतोडीतून वाचले. 24 जुलै 1911 रोजी हायरम बिंगम हा अमेरिकन प्राध्यापक येथे आला, आणि त्याच्या लेखनामुळे माचू पिचूचे नाव जगभर झाले. परंतु बिंगमला ही जागा कोणी दाखविली? मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने एक सोल, म्हणजे पेरूचे एक नाणे, घेऊन त्याला डोंगरावर नेले. वर काही शेतकरी कुटुंबे राहत होती आणि इंकांच्या जुन्या शेतांत पिके काढीत होती. त्यांच्यापैकी एका लहान मुलाने बिंगमला भिंतींपर्यंत पोहोचविले. जगाला जे नगर हरवलेले वाटत होते, ते त्या मुलाच्या रोजच्या खेळण्याची जागा होते!

बिंगमने येथील अनेक वस्तू अभ्यासासाठी अमेरिकेतील येल विद्यापीठात नेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून पेरूने दीर्घकाळ आग्रह धरला. अखेर 2011 व 2012 या वर्षांत त्या परत आल्या, आणि आता त्या कुझको येथील संग्रहालयात ठेवल्या आहेत.

1983 साली माचू पिचूचा समावेश जागतिक वारशात झाला. कीर्तीबरोबर गर्दी आली, आणि गर्दीबरोबर धोका आला. नगराच्या उंच भागात 'इंतीवाताना' नावाचा एक कोरीव पाषाणस्तंभ आहे. सूर्याच्या निरीक्षणाशी त्याचा संबंध असावा, असे अभ्यासक म्हणतात. 2000 साली एका जाहिरातीचे चित्रण चालू असता यंत्राचा दांडा त्यावर कोसळला व स्तंभाचा कोपरा फुटला. लाखो पावलांखाली पायऱ्याही झिजत आहेत. म्हणून आता रोज किती जणांनी आत यावे हे ठरलेले आहे. प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते आणि आखलेल्या मार्गानेच फिरावे लागते. दुसरीकडे, या गावांतील हजारो कुटुंबे प्रवाशांवरच जगतात. 2020 साली महासाथीमुळे माचू पिचू अनेक महिने बंद राहिले, तेव्हा वाटाडे, हमाल व विणकर यांचे उत्पन्नच बुडाले. प्रवासी फार आले तर वारसा झिजतो. मुळीच आले नाहीत तर चुली विझतात. या दोहोंमधील तोल सांभाळणे हीच तेथील लोकांची आजची कसोटी आहे.

तोल कसा सांभाळावा हे इंकांच्या वंशजांना नवे नाही. कुझकोच्या दक्षिणेस आपुरिमाक नदीच्या खोल दरीवर 'केस्वाचाका' नावाचा झुलता पूल आहे. त्याची लांबी तीस मीटरांहून थोडी कमी असून तो केवळ गवताचा आहे. गवताचा पूल तो किती दिवस टिकणार? म्हणून दरवर्षी जून महिन्यात चार गावांचे लोक दरीच्या दोन्ही काठांवर जमतात. घरोघरी वळलेल्या बारीक दोऱ्यांचे जाड दोर होतात, दोरांचे माणसाच्या मांडीएवढे सोल होतात, आणि जुना पूल नदीत सोडून देऊन थोड्याच दिवसांत नवा पूल बांधून पुरा होतो. 2013 साली युनेस्कोने या परंपरेचाही गौरव केला. महासाथीमुळे 2020 साली लोकांना एकत्र जमता आले नाही. पूल नवा झाला नाही, आणि 2021 च्या मार्च महिन्यात तो कोसळून पडला. त्याच वर्षी जूनमध्ये चारही गावे पुन्हा जमली आणि त्यांनी तो पुन्हा विणला.

दगडाची भिंत शेकडो वर्षे टिकते, गवताचा पूल एक वर्ष टिकतो. तथापि दोन्ही टिकतात ते माणसांच्या जपणुकीवरच. इंकांची पायवाट दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात बंद ठेवतात. ते भर पावसाचे दिवस असतात. त्या महिन्यात तेथे एकही प्रवासी नसतो. फावडी व टोपल्या घेऊन कामकरी वाटेवर येतात. निखळलेल्या पायऱ्या बसवितात, तुंबलेल्या नाल्या मोकळ्या करतात, वाढलेले रान तोडतात. मार्च उजाडला की वाट उघडते, आणि पहिली तुकडी आपल्या वाटाड्यामागून त्या दुरुस्त पायऱ्या चढू लागते.

अभ्यास

1. कुझकोला पोहोचल्यावर प्रवाशांना पहिले दोन दिवस सावकाश का राहावे लागते?
2. लिपी नसताना इंका लोक हिशेब कसा ठेवीत?
3. 'आयनी' आणि 'सावड' या शब्दांतील साम्य स्पष्ट करा. तुमच्या गावात अशी चाल असल्यास तिचे वर्णन करा.
4. 1950 सालच्या भूकंपात सूर्यमंदिराच्या भिंती कशामुळे टिकल्या?
5. 'जुनी कला कौतुकाने जगत नाही. तिला पोटाचा आधार लागतो', या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन सांगा.
6. माचू पिचूला जाणाऱ्या प्रवाशांवर कोणते निर्बंध आहेत? ते योग्य आहेत काय? कारणे द्या.
7. केस्वाचाका पूल दरवर्षी नव्याने बांधला नाही तर काय होते? या पाठातील प्रसंगाच्या आधारे पाच-सहा ओळी लिहा.